उद्याची लाट

महेश्वरी : व्यंकटकाका एवढ्या उन्हात चालत आले होते, अप्पा. सोयाबीनवर फवारणी आज करू का उद्या, एवढंच विचारत होते. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.

शंभुलिंग : बोललो की. परवा अकरा मिलीमीटर, काल निरंक, आज सकाळी आठ वाजता दोन.

महेश्वरी : तो झालेला पाऊस. ते येणाऱ्या पावसाचं विचारत होते.

शरणम्मा : तुझे अप्पा झालेलंच सांगत्यात गं. येणाऱ्याचं त्यांच्या तोंडातनं काढून दाखव, म्या ही समदी तूर तुझ्या वाटणीची बी निवडून देते. मास्तर व्हते तवापास्नं गाव इचारतंय आन् गावाला येकच जवाब. मापात पडंल तेवढं सांगीन.

शंभुलिंग : वैनी, तूर निवडा तुम्ही.

शरणम्मा : निवडतेच हाय. हात हिकडं, कान तिकडं. व्यंकटाचं सोडा, ह्या पोरीकडं बघा आदी. सकाळपास्नं तोंड उतरलंय. भाकर तशीच दुरडीत पडून हाय.

महेश्वरी : जेवते गं दोड्डव्वा. पाच वाजेपर्यंत पाठवायचंय ना.

शरणम्मा : रोजच पाचला धाडतीस की. आज काय आक्रीत झालं? आन् येकदा मला नीट समजावून सांग बाई. दोन वर्सं झाली तू त्या कंप्युटरपुढं बसून काय लिवतीस ते मला धड सांगता येत न्हाय. परवा शेजारची अयोध्या इचारत व्हती. म्या म्हणलं, पुतणी दर्यावरच्या हवापाण्याचं लिवती. ती म्हणती, अगं शरणम्मा, सास्तुरात कुठला आला दर्या?

महेश्वरी : सास्तूरमध्ये नाही. मालदीवच्या पार खाली एक बेट आहे. बेटाच्या कडेला पाण्याखाली पोवळ्याचा खडक आहे, ह्या पडवीएवढा रुंद, पुढं लांबच लांब. लाट खोल पाण्यातनं येते, त्या खडकापाशी तिला एकदम पाणी कमी पडतं, मग ती अडखळून उभी राहते आणि कोसळते.

शरणम्मा : ठेच लागून पडती म्हण की.

महेश्वरी : तेच. आणि ती पडायला लागली की लोक फळीवर उभे राहून तिच्यावरनं घसरत जातात. त्यासाठी विमानानं येतात.

शरणम्मा : पडणाऱ्या लाटंवर चढायला इमानानं येत्यात. काय बाई, कामधंदा न्हाय व्हय त्यास्नी.

महेश्वरी : तिथं कोचीच्या एका कंपनीचा कॅम्प आहे, राहायची-शिकायची सोय. मी रोज पाच वाजता त्यांना बारा ओळी लिहून देते. उद्या लाट किती, वारा कुठला, ओहोटी किती वाजता, कुणी उतरावं, कुणी उतरू नये. ते तिथं फळ्यावर लावतात. मग हुसेन बोट काढतो.

शरणम्मा : तो दीदी म्हणणारा?

महेश्वरी : तोच. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा आहे, तरी दीदी म्हणतो. आईच्या ऑपरेशनला त्रिवेंद्रमला येऊन राहिला होता, तिथं हिंदी सिनेमे बघून मोडकंतोडकं हिंदी शिकला. बोटीवर जन्म गेला त्याचा. आणि माझ्या बारा ओळी वाचल्याशिवाय नांगर उचलत नाही. मी समुद्र बघितलेलासुद्धा नाही, हे मी त्याला सांगितलेलं नाही.

शंभुलिंग : पुण्यात असताना कोकणची सहल गेली होती की तुमची.

महेश्वरी : तेव्हा मला कावीळ झाली होती अप्पा. तुम्हीच न्यायला आला होता.

शंभुलिंग : हां. खरं आहे.

शरणम्मा : मग आज काय बिनसलं, ते बोल.

महेश्वरी : पाच दिवसांपूर्वी पार खाली, दक्षिण ध्रुवाच्या बर्फाच्या बाजूला, मोठं वादळ झालं. त्यानं उठवलेल्या लाटा तिथनं निघाल्यात. तासाला पन्नास किलोमीटर, आपल्या एसटीसारख्या. एवढ्या लांबनं येतात की समुद्रावर त्या दिसतच नाहीत. उंची थोडी असते, पण दोन लाटांमधलं अंतर खूप असतं, आणि पोटात जोर असतो. वीस-वीस मिनिटं समुद्र सपाट राहतो. बघणाऱ्याला वाटतं, काहीच नाही. मग एकापाठोपाठ सहा येतात, घराएवढ्या, आणि परत सपाट. उद्या सकाळी पावणेदहाला ओहोटी आहे. त्या वेळेला खडकावर गुडघाभर पाणी असतं. त्यात कुणी असलं आणि त्या सहा आल्या, तर माणूस सरळ पोवळ्यावर आपटतो.

शरणम्मा : मग लिव की, जाऊ नगा म्हणून. त्यात काय एवढं?

महेश्वरी : त्या येतीलच असं नाही ना. माझ्याकडं अंदाज करणारी दोन मॉडेलं आहेत. एक म्हणतं, उद्या सकाळी सहा ते अकराच्या मधे सरळ आपल्या खडकावर. दुसरं म्हणतं, सगळं पूर्वेला इंडोनेशियाकडं निघून जाईल, आपल्याकडं वाटीतलं पाणीसुद्धा हलणार नाही. मधे सहा-सात हजार किलोमीटर नुसतं पाणी, मोजायला काही नाही. कोण खरं, ते लाट आल्यावरच कळणार.

शंभुलिंग : या महिन्यात आधी दोनदा लिहिलं होतंस ना तू?

महेश्वरी : दोनदा. चार तारखेला आणि अकराला. दोन्ही वेळेला काही आलं नाही. लोक दिवसभर किनाऱ्यावर बसून राहिले आणि कॅम्पच्या नावानं बोटं मोडत परत गेले. आज अकरा वाजता थॉमस सरांचा फोन आला, कॅम्प तेच चालवतात. चिडले नाहीत, तेच वाईट वाटलं. म्हणाले, महेश्वरी, तुझं काम चांगलं आहे, पण तू घाबरट आहेस. उद्या चौदा जणांचा ग्रुप आहे, सगळे पहिल्यांदाच फळीवर उभे राहणार. उद्यापण बसवून ठेवलं तर हा कॅम्प बंद करावा लागेल आणि मग अंदाज कुणाला लागणार आहे? तुला त्रास नको म्हणून मीच लिहून पाठवतो, तू फक्त ओके कर. आलंय त्यांचं. हलकी, मजेची लाट, शिकाऊ मंडळींसाठी सुंदर सकाळ. खाली माझं नाव.

शरणम्मा : तुझं नाव? लिवलं त्यानं आन् नाव तुझं?

महेश्वरी : अंदाजाखाली माझंच नाव असतं रोज.

शंभुलिंग : तू काय म्हणालीस त्यांना?

महेश्वरी : बघते म्हणाले. त्यांचं खरं निघू शकतं, अप्पा. निम्मं-निम्मं आहे. आणि हे काम गेलं तर मला इथं बसून दुसरं काय मिळणार आहे? परत पुण्याला नाहीतर हैदराबादला. आईची शुगर, दोड्डव्वाचे गुडघे, तुमचं तुम्ही कधी बोलतच नाही. म्हणून आई मुरुम गावाहून यायच्या आत तुम्हाला विचारतेय, ती आली की नुसती रडेल. तुम्ही सांगा, काय लिहू?

शंभुलिंग : मी काय सांगणार यातलं. तुझं तू बघ.

महेश्वरी : वाटलंच होतं.

शंभुलिंग : मला समुद्रातलं काय कळतं, मही?

महेश्वरी : समुद्राचं नाही हे. व्यंकटकाकांना तेच, मला तेच. दहावीनंतर सायन्स घेऊ का विचारलं, तुझं तू बघ. ते निलंग्याचं स्थळ आलं, आई डोकं धरून बसली, तुम्ही पर्जन्यमापक पुसत होता. तुझं तू बघ. मला मोजायचं वेड तुम्ही लावलंत. पाच वर्षांची होते, रोज सकाळी आठला माझ्या हातात काचेचं माप द्यायचात आणि म्हणायचात, डोळा पाण्याच्या रेघेला लाव, वरून बघू नको. तीस वर्षांचा पाऊस तुमच्या वह्यांत आहे. लातूरहून कॉलेजची पोरं बघायला येतात. तुमच्याइतकं ह्या आभाळाचं कुणाला कळतं? आणि एकदा, एकदासुद्धा तुम्ही म्हणाला नाहीत, उद्या येईल बहुतेक. तुम्ही भिता, अप्पा.

शरणम्मा : ऱ्हाऊ दे गं. बापाला असं बोलू नये.

शंभुलिंग : बोलू द्या वैनी. ती खोटं बोलत नाही.

महेश्वरी : मग कशाला भिता ते तरी सांगा.

शरणम्मा : मही, म्या सांगते तुला मागनं. भावजी, तुमी उठा बगू, गाईला पाणी दावा.

शंभुलिंग : नको. तुमच्यासमोर विचारतीये तेच बरं झालं. बत्तीस वर्षं तुम्ही ह्या पडवीत माझ्यासमोर बसताय आणि बत्तीस वर्षं मी हे तोंडावर आणलं नाही. मही, त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या वर्षापासून इथली भुई हलत होती, हे तुला माहीत आहे.

महेश्वरी : शाळेत सांगायचे. फडताळातली भांडी वाजायची.

शंभुलिंग : भांडी वाजायची, पत्रे वाजायचे, विहिरीचं पाणी गढूळ व्हायचं. जुन्या गावातली माणसं भिऊन रानात झोपायला जायला लागली. खळ्यावर पालं टाकून. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. उमरग्याला बी.एस्सी. झालो होतो, नवीन मास्तर झालो होतो, अंगात मस्ती होती. भूगोलाच्या पुस्तकात लिहिलं होतं, दख्खनचं पठार जुनं आहे, घट्ट आहे, इथं मोठा धक्का बसत नाही. मी ते नकाशावर छडी ठेवून पोरांना शिकवायचो. अण्णा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी थोरला. तुझी ही दोड्डव्वा, तिचा मालक. महालिंगप्पा. चौथी शिकलेला, पण मला कॉलेजात त्यानं घातलं, सालगडी कमी करून स्वतः औताला राहिला. त्यानं मला विचारलं, शंभू, तू शिकलेला आहेस, सांग, पोरीला घेऊन आत झोपू का बाहेर?

महेश्वरी : बसीला.

शंभुलिंग : बसम्माला, व्हय. सहा वर्षांची होती. मी हसलो त्याला. म्हणालो, अण्णा, ही भुई हजारो वर्षांची आहे, तिच्या पोटात थोडी हालचाल होते आणि थांबते. मास्तराचा भाऊ रानात झोपतो म्हणून लोक मला नावं ठेवतात. तरी तो भोळा बाहेरच झोपायचा. चार महिने झोपला. मग भुई शांत झाली आणि एकेक जण घरी यायला लागलं. परत थोडं हललं, परत हा बाहेर. असं करता करता गणपती आले. विसर्जनाच्या दिवशी मिरवणुकीवरनं आम्ही दोघं बरोबर आलो, भुरभुर पाऊस होता, तो घोंगडं काढायला लागला रानात जायला. मी त्याच्या हातातनं घोंगडं घेतलं. म्हणालो, अण्णा, आता पुरे. मी सांगतो ना. काही होत नाही, घरात झोप. असंच म्हणालो. मी सांगतो ना.

महेश्वरी : अप्पा.

शंभुलिंग : आमच्या भिंती दगडमातीच्या, दोन-दोन हात रुंद. वर माळवदाची माती. तो पोरीला कडेवर घेऊन आत गेला. मी गणपतीचं सामान राखायला शाळेत झोपायला गेलो, पत्र्याखाली, म्हणून आज तुझ्यासमोर बसलोय. पहाटे ते झालं. पळत आलो तर घर कुठलं आणि गल्ली कुठली, कळेना. तुझी दोड्डव्वा तेवढी अंगणात उभी होती, डोक्यावर पोतं घेऊन. तिला कळलं होतं, मही. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईला कळलं होतं, आणि मला बी.एस्सी. होऊन नाही कळलं. तेव्हापासून मी ठरवलं, पुढचं काही कुणाला सांगायचं नाही. मापात पडेल तेवढं वाचायचं.

महेश्वरी : दोड्डव्वा, तू रडू नको.

शरणम्मा : रडते कुठं. हे सूप घे माज्या मांडीवरनं. सांडंल. भावजी, तुमी म्हणला ते समदं खरं. येक तेवढं खोटं हाय.

शंभुलिंग : कुठलं?

शरणम्मा : मला काय बी कळलं नव्हतं.

शंभुलिंग : तुम्ही बाहेर झोपला होता की.

शरणम्मा : झोपले व्हते. भांडून. आरतीच्या नारळाची भकलं म्या माझ्या भावाच्या लेकरांसाठी फडक्यात बांधून ठिवली व्हती. तुमच्या अण्णानं ती मिरवणुकीतल्या वाजंत्र्यांना वाटून टाकली. हात ढिला व्हता त्यांचा. म्या घर डोस्क्यावर घेतलं. म्हणलं, आज तुमच्या घरात अंग टाकत न्हाय, आन् बाजलं वडलं अंगणात. पाऊस पडतोय तर पडू दे म्हणलं, बघू या कोण बलवाय येतंय. तुमी शाळंकडं गेल्यावरचं हे. ते दारात येऊन हसत उभे ऱ्हायले, पर बलवलं न्हाय. त्यास्नी ठावं व्हतं, घटकाभरानं म्या येतेच.

महेश्वरी : मग बसी?

शरणम्मा : बसी आली व्हती माज्या मागं. अव्वा, मी बी तुझ्यासंगं म्हणत. म्या तिला हाकललं. जा म्हणलं तुझ्या अप्पाकडं, लई लाडाची हाईस न्हवं त्याची. रागात बोलले. ते आले आन् तिला कडंवर घेऊन गेले. बास. आता बोला, कुणाला काय कळलं व्हतं?

शंभुलिंग : वैनी, हे तुम्ही कधी...

शरणम्मा : कुणाला सांगू? गाव म्हणाय लागलं, शरणम्माला आदी कळलं, तिच्या अंगात देवीचा वास हाय. पत्र्याच्या शेडात ऱ्हात व्हतो तवा बाया लेकरं आणून माज्या पायावर घालाय लागल्या. म्या गप ऱ्हायले. नारळाच्या भकलावरनं वाचले, हे कुठल्या तोंडानं सांगू? अजून बी भाइर बाजलं टाकते तर म्हणत्यात, म्हातारीला भुईतलं कळतं. घरात झोपले की मला पोरीचा आवाज येतो, भावजी. अव्वा, मी बी. म्हणून झोपते भाइर.

महेश्वरी : पाणी घे. घोटभर घे.

शंभुलिंग : तुम्हाला माझा राग आला नाही कधी?

शरणम्मा : आला की. लई आला. कैक वर्सं तुमच्या ताटात भाकर म्या लांबनंच टाकत व्हते. तुमी चुकला म्हणून न्हाय. चुकला समदाच मुलूख. तुमी मी सांगतो ना म्हणला, त्याचा राग. लोकं हसली तरी ते रानात जायाचे. म्या हसले तरी जायाचे. तुमच्या येका शबुदानं आत गेले. तुमी म्हणायचं व्हतं, अण्णा, पुस्तकात असं हाय खरं, पर भुई हलतीया आन् मला काय ठावं न्हाय. तर ते बाजलं उचलून माज्याशेजारी येऊन पडले असते पोरीला घेऊन. माझा रुसवा बी निघाला असता.

शंभुलिंग : खरं आहे.

शरणम्मा : आन् तवापास्नं तुमी गपच झाला. म्या म्हणलं व्हतं व्हय गप बसा म्हणून? तवा नको तेवढं बोलला आन् मागनं लागंल तेवढं बी न्हाय. व्यंकट येतो, त्याला काय देवाचा कौल पायजेल असतो? त्याला तुमच्यासंगं आभाळाकडं बघायचं असतं, बास.

महेश्वरी : अप्पा, साडेचार झाले. थॉमस सरांचा फोन वाजतोय.

शंभुलिंग : वाजू दे. तुझा तो कंप्युटर इकडं आण. काय लिहिणार होतीस तू, ते वाच.

महेश्वरी : माझा कच्चा आहे. बहुधा उद्या सकाळी मोठी लाट येण्याची शक्यता नाकारता येत नाही.

शंभुलिंग : हे काय वाक्य झालं? बहुधा, शक्यता, नाकारता येत नाही. पोरानं पेपरात असं लिहिलं तर मी काय समजायचं, त्याला उत्तर येतं का येत नाही? खोड ते. तुला येतं का उत्तर?

महेश्वरी : नाही येत.

शंभुलिंग : मग पहिल्या ओळीत तेच घाल.

महेश्वरी : उद्या सकाळी लाट किती मोठी असेल, मला माहीत नाही.

शंभुलिंग : हां. पुढं, का माहीत नाही ते.

महेश्वरी : एका अंदाजानुसार सहा ते अकराच्या मधे मोठी लाट खडकावर येईल. दुसऱ्यानुसार काहीच येणार नाही. दोन्हींपैकी कोणतं खरं, हे आज सांगता येत नाही.

शरणम्मा : त्ये सपाटीचं घाल. बघणारा फसतो ते.

महेश्वरी : सकाळी समुद्र सपाट दिसेल. त्यावर विसंबू नका. पावणेदहाला ओहोटी, खडकावर गुडघाभर पाणी. अकरा वाजेपर्यंत शिकाऊ लोकांना खडकावर नेऊ नये.

शंभुलिंग : खाली तुझं नाव. आणि आधीचे दोन अंदाज चुकले होते, तेही लिही.

महेश्वरी : तेही? अप्पा, मग तर सरांना आयतंच मिळेल.

शंभुलिंग : मिळू दे. वाचणाऱ्याला आपलं माप कळायला पाहिजे.

शरणम्मा : तू लिवशील गं समदं. पर फळ्यावर कोण लावतंय? साहेबच न्हवं? त्यानं त्याचंच लावलं म्हंजे?

महेश्वरी : लावू शकतात. तिथं माझं कोण आहे?

शरणम्मा : हुसेन हाय की. त्याला तोंडानं सांग. तो वाचून बोट काढतो म्हणलीस, ऐकून बी काढंल.

महेश्वरी : थांब, आवाज टेप करून पाठवते. हुसेनभाई, मैं महेश्वरी. कल का मुझे मालूम नहीं. बडी लहर आ सकती है, नहीं भी आ सकती. पानी सपाट दिखेगा, उस पर भरोसा मत करना. नये लोगों को ग्यारह बजे तक रीफ पे मत ले जाना. और हुसेनभाई, एक बात. मैंने समंदर कभी देखा नहीं है. आपको पता होना चाहिए.

शंभुलिंग : हे शेवटचं कशाला सांगितलंस?

महेश्वरी : तुम्हीच म्हणाला ना, माप कळायला पाहिजे. गेलं. सरांनापण गेलं.

शरणम्मा : गेलं न्हवं? आता भाकर खा.

(दुसऱ्या दिवशी, दुपारी एक वाजता. तीच पडवी.)

शरणम्मा : आली का गं तुझी लाट?

महेश्वरी : नाही आली.

शरणम्मा : अजाबात?

महेश्वरी : अजिबात. हुसेननं दर तासाला फोटो पाठवला. सहाला, सातला, आठला. ताटात पाणी ओतून ठेवावं तसा समुद्र. सगळं पूर्वेला निघून गेलं. दुसरं मॉडेल खरं निघालं.

शरणम्मा : आली न्हाय ते लई बरं झालं.

महेश्वरी : तुझं आपलं बरंच आहे. सरांचा मेल आला दहा वाजता. आजपासून अंदाज पाठवू नये. तुझ्या मेहनतीबद्दल आभार. एवढंच. माझं लॉगिनसुद्धा बंद झालं, दाराला कुलूप घालतात तसं. तिसऱ्यांदा चुकले मी, दोड्डव्वा. घाबरट म्हणाले होते, तेच खरं झालं.

शंभुलिंग : तू चुकली नाहीस. तू माहीत नाही म्हणाली होतीस.

महेश्वरी : नोकरी गेलीच ना पण.

शंभुलिंग : नोकरी गेली, व्हय. ते वाईट झालं. मला लई वाईट वाटतंय. तुझ्या आईला संध्याकाळी मी सांगतो.

शरणम्मा : आन् ती चौदा माणसं?

महेश्वरी : बसली होती किनाऱ्यावर, चरफडत. सरांनी त्यांचं ते सुंदर सकाळवालं लावलं होतं फळ्यावर. हुसेन म्हणाला, बोटीचं इंजिन तापतंय, अकरापर्यंत निघणार नाही. अकरा वाजून पाच मिनिटांनी त्यानं बोट काढली. सगळे फळीवरनं पाण्यात पडले-झडले, हसले-खिदळले, आता जेवायला बसलेत.

शरणम्मा : चौदाच्या चौदा?

महेश्वरी : चौदाच्या चौदा.

शरणम्मा : बास मग. म्या तरी आज जेवणार पोटभर.

महेश्वरी : अप्पा, ही तुमची पावसाची वही इथं उघडी का ठेवलीये? काय लिहिलंत हे?

शंभुलिंग : आजची नोंद. पाऊस सहा मिलीमीटर. त्याच्यापुढं जागा होती.

महेश्वरी : लाट, निरंक.

शंभुलिंग : न आलेलं पण लिहून ठेवावं लागतं.

शरणम्मा : फोन वाजला बघ तुझा. त्यो साहेब असंल तर दे हिकडं, म्या बोलते कन्नडातनं.

महेश्वरी : सर नाहीत. हुसेनचा आवाज आलाय. म्हणतो, साहेबानं सांगितलं, दीदीचं काम गेलं. वाईट वाटलं. आणि म्हणतो, लाटा जिथनं निघतात तो बर्फ मी पण कधी बघितलेला नाही, त्यानं काय होतं.

शरणम्मा : गुणाचा हाय बाई.

महेश्वरी : पुढं विचारतोय. दीदी, कल का क्या?

शरणम्मा : काम गेल्यावर बी इचारतोय?

महेश्वरी : काय सांगू त्याला? कंपनीची दोन्ही मॉडेलं बंद झाली. इंटरनेटवर फुकट सगळ्यांना दिसतं तेवढं एकच आहे, तेही जुनं. अप्पा, तुम्ही खुर्ची कुठं ओढताय?

शंभुलिंग : तुझ्याशेजारी. चष्मा दे माझा. त्याला सांग, अजून माहीत नाही. बघतोय म्हणावं, आम्ही दोघं.